अकरा नंबरचं मेंडोलिन

वापरलेलं एक मेंडोलिन मी विकत घ्यायच्या विचारात होतो. त्याच्या एफ-होलमधून, म्हणजे वरच्या पाटीतल्या f आकाराच्या भोकातून, टॉर्च मारला की आत पाठीच्या लाकडावर चिकटवलेला एक कागद दिसतो. त्यावर शाईने एक नाव, एक साल आणि एक आकडा लिहिलेला: ११. ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. तंतुवाद्यं दुरुस्त करणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, त्यांनीही ऐकलं नव्हतं. “घरच्या घरी बनवणारा कुणीतरी असेल,” एवढंच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं की सावधगिरी, ते काही मला कळलं नाही. पुढचा महिनाभर माझी जी उलघाल झाली ती त्या कागदापायी.

माझं सध्याचं मेंडोलिन कारखान्यात बनलेलं, प्लायवुडच्या तबलीचं आहे. (तबली हा शब्द सतार-तंबोरावाल्यांचा. मेंडोलिनवाले ‘टॉप’ म्हणतात. पण आवाज जिथे जन्मतो त्या पाटीला आपल्या भाषेत आधीपासून नाव असताना दुसरं कशाला?) प्लायवुडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. त्यामुळे ते सहसा तडकत नाही, दमट हवेत फारसं फुगत नाही आणि तितक्याच हट्टाने थरथरतही नाही. सूर उमटतो, पण प्लेक्ट्रम तारेवरून उठायच्या आत विझतो. सहा वर्षं मी हे माझ्या हाताचं पाप समजत होतो. मग एकदा कुणाचं तरी कोरीव तबलीचं मेंडोलिन पाच मिनिटं हातात आलं आणि पाप निम्म्याने कमी झालं. उरलेलं निम्मं माझंच आहे.

कोरीव तबली म्हणजे स्प्रूसची जाड फळी घेऊन ती व्हायोलिनसारखी कमानदार तासायची. मध्ये साधारण साडेचार-पाच मिलिमीटर, कडेला जेमतेम तीन. ऑरव्हिल गिब्सन या अमेरिकन माणसाने १८९८ मध्ये अशा कोरीव मेंडोलिनचं पेटंट घेतलं. त्याआधीची इटालियन मेंडोलिनं फुगीर पाठीची, पातळ पट्ट्या जोडून केलेली. तबली आता यंत्रावरही कोरतात, पण यंत्र प्रत्येक फळीला एकच माप लावतं. हाताने करणारा फळी किंचित वाकवून बघतो, बोटाने टकटक करून ऐकतो आणि अजून कुठे किती काढायचं ते ठरवतो. एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या वागत नाहीत. हा वेळ वाचवता येत नाही, आणि किंमत चढते ती तिथेच.

नामांकित कारागिराकडून नवीन करून घ्यायचं म्हणजे वर्षांची रांग आणि माझ्या ऐपतीबाहेरचा आकडा. म्हणून वापरलेलं बघत होतो. त्यातही ए-स्टाइल, म्हणजे थेंबाच्या आकाराचं, हे आधीच ठरलेलं. एफ-स्टाइलच्या खांद्यावर जी लाकडाची गुंडाळी असते ती दिसायला देखणी, कोरायला महाकिचकट, आणि आवाजात तिचा वाटा नगण्य. (हे वाक्य एफ-स्टाइलवाल्यासमोर बोलू नये. त्या गुंडाळीचे पैसे त्याने मोजलेले असतात.)

तर अकरा नंबर ए-स्टाइल होतं. तबली स्प्रूसची, पाठ आणि बाजू मेपलच्या, फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट (पडदे) बसवलेली बोटांची पट्टी, एबनीचा. विकणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या. त्यांनी ते थेट कारागिराकडून, सांगून करून घेतलं होतं. त्याला बारा वर्षं झाली होती आणि शेवटची दोन वर्षं ते पेटीतच होतं. “बोटं दुखतात हो आता. तारा दाबवत नाहीत,” त्या फोनवर म्हणाल्या. मी “अरेरे” म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. हे मला नंतर फार आठवलं.

नावाचं काय करायचं? मेंडोलिनच्या दुनियेत आतल्या कागदाला केवढं वजन आहे ते लॉइड लोअरच्या उदाहरणावरून कळतं. हा माणूस १९१९ ते १९२४ गिब्सन कंपनीत होता. १९२२ मध्ये त्याच्या देखरेखीखाली एफ-५ निघालं. व्हायोलिनसारखी एफ-होल असलेलं गिब्सनचं हे पहिलं मेंडोलिन, आधीच्यांना गोल किंवा लंबगोल भोक असे. आज त्याच्या सहीचा कागद आत असला की वाद्य साध्या वादकाच्या आवाक्यातून जातं. पण ती नवी होती तेव्हा फारशी खपली नाहीत, कारण मेंडोलिनची लाटच ओसरली होती. ब्लूग्रास संगीताचा जनक मानला जाणारा बिल मन्रो, त्यानेही आपलं एफ-५ नवं घेतलेलं नव्हतं. ९ जुलै १९२३ ही तारीख असलेलं ते वाद्य त्याला १९४० च्या दशकात फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात विकायला ठेवलेलं दिसलं. जगातलं सर्वांत गाजलेलं मेंडोलिन सेकंडहँड होतं, असं मी त्या महिन्यात स्वतःला बरेचदा बजावलं.

फक्त त्या वाद्याच्या आत लोअरची सही होती. माझ्या दुरुस्तीवाल्यांनी ते एका वाक्यात संपवलं: “बिननावाचं घेताना स्वस्त पडतं तसं विकतानाही स्वस्तच जातं, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत वर्ष निघतं.” हे खरंच आहे. कंपनीचं वाद्य नावावर विकलं जातं, अनोळखी कारागिराचं वाद्य समोर बसवून, वाजवून विकावं लागतं. पण मी ते विकायला घेणार होतो का? माझ्या लक्षात आलं की अजून घेतलंही नव्हतं आणि मी विकायची चिंता करत होतो.

पाहायला गेलो तेव्हा एका मैत्रिणीला सोबत नेलं. ती व्हायोलिन वाजवते. दोन्ही वाद्यं खालून वर जी, डी, ए, ई अशीच लागतात, फक्त मेंडोलिनला प्रत्येक सुराच्या दोन-दोन तारा. त्यामुळे तिची डावी बोटं मेंडोलिनवर आपोआप चालतात. पेटी उघडली तशी मी हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला. “तू वाजवू नकोस. तू वाजवलंस की तुला तुझी बोटंच ऐकू येतात.”

मी पाठ करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलो. माझं जुनंही नेलं होतं. ती दोन्ही आलटून पालटून वाजवणार आणि कुठलं कोणतं ते मी सांगणार. पहिल्या तीनपैकी दोन वेळा मी चुकलो. कारखान्यातलं प्लायवुड आणि बारा वर्षांचं हाताने कोरलेलं स्प्रूस, आणि मला फरक कळेना! काकू शेजारीच बसलेल्या, त्यामुळे आणखीच ओशाळलो. मैत्रिणीने तारांवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट मला दाखवलं. तारा गंजलेल्या होत्या. माझ्या वाद्याला मी त्याच आठवड्यात नव्या चढवल्या होत्या.

नशिबाने एक नवा संच बरोबर होता. तारा बदलायला पाऊण तास गेला, कारण त्या एकेक करूनच बदलायच्या. मेंडोलिनचा ब्रिज, म्हणजे घोडी, तबलीला चिकटवलेली नसते. ती नुसती तारांच्या दाबाने उभी असते. आठही तारा एकदम उतरवल्या की घोडी सरकते, आणि घोडी सरकली की सगळे फ्रेट बेसूर होतात. खुल्या तारेची लांबी साधारण ३५२ मिलिमीटर, त्यात घोडी दीड-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी बाराव्या फ्रेटवरचा सूर कानाला खुपतो. बदलून झाल्यावर आम्ही बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मॉनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर ताडून घेतला. ई किंचित चढा होता. घोडी केसभर मागे घेतली, जमलं.

मी पुन्हा पाठ करून बसलो. मैत्रिणीने जीच्या जोडीवर एकच आघात केला आणि थांबली. सूर खोलीत उभा राहिला. मग हळूहळू बसला.

आता ओळखायचं काही राहिलं नव्हतं. खर्जात एक कोरडा, लाकडी गाभा होता आणि वरच्या ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढेही सूर काचेसारखा पातळ होत नव्हता. माझ्या वाद्यावर तिथे नुसतं टिकटिक ऐकू येतं. (मेंडोलिनचं वेड मला यू. श्रीनिवास ऐकून लागलं. पण त्यांचं वाद्य पाच एकेरी तारांचं, इलेक्ट्रिक. तिथे तबलीचा प्रश्न फारसा नाही. तेव्हा त्या वेडाचा ही निवड करताना मला काडीचाही उपयोग झाला नाही.)

तिथल्या तिथे पैसे काढून दिले असते. मैत्रीण म्हणाली, आधी नीट तपास.

तपासण्याचं बरंचसं काम कंटाळवाणं असतं, ते भराभर सांगतो. दिवा तिरपा धरून तबलीवर उभ्या चिरा शोधल्या, नव्हत्या. दाढीचा छोटा आरसा एफ-होलखाली धरून आतल्या दोन पट्ट्या पाहिल्या. या तबलीला खालून लांबीने चिकटवलेल्या असतात आणि सुटल्या तर तबली हळूहळू बसते. पक्क्या होत्या. पाठीवर आणि कडांवर टकटक केली, कुठे पोकळ खडखड नाही. पहिले तीन फ्रेट ए आणि ई तारांखाली खळगे पडण्याइतके झिजलेले. दुसऱ्या फ्रेटवर तार किंचित झणझणत होती. जवारीला सरावलेल्या कानाला ते गोडही वाटेल, पण मेंडोलिनमध्ये तो दोषच. फ्रेट बदलणं हा खर्च आहे, संकट नाही.

मग घोडीकडे पाहिलं आणि तिथेच अडकलो.

घोडीचे दोन भाग असतात. खालचा पाया तबलीवर टेकतो, वरचा भाग तारा झेलतो आणि मधल्या दोन आट्यांवर दोन छोटी पितळी चाकं. चाकं फिरवली की तारा वर-खाली होतात. अकरा नंबरची दोन्ही चाकं पार तळाला, पायाला टेकलेली होती. याहून खाली जायला जागा नाही. आणि तरीही बाराव्या फ्रेटवर तारा २.४ मिलिमीटर उंच. दीड-पावणेदोन असतील तर बोटांना सुख. २.४ म्हणजे प्रत्येक सुराला झटापट.

इथे दोन आजार उलट दिशेने जातात, आणि ते डोक्यात नीट बसायला मला वेळ लागला. आठ तारांचा ताण मिळून जवळपास ८० किलो. त्या ताणाखाली तबली बसली तर घोडी तिच्याबरोबर खाली जाते आणि तारा फ्रेटला घासू लागतात. मग मालक चाकं वर चढवतो. म्हणजे चाकं आट्यांच्या टोकाला पोचलेली दिसली तर तबलीवर संशय घ्यायचा. चाकं तळाला आणि तारा तरी उंच, असं असेल तर तबली बिचारी निर्दोष आहे, मान पुढे झुकली आहे. आता मानेतही दोन गोष्टी होऊ शकतात. ती स्वतः धनुष्यासारखी वाकलेली असेल तर आतली पोलादी सळई पाव फेरा पिळून काम होतं. मी तार पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर एकदम दाबून मधली फट पाहिली. जेमतेम कागदाएवढी. मान सरळ होती. राहिला तो मान आणि धड यांचा सांधा.

तो सांधा मी आधीच पाहिला होता आणि पाहूनही मला दिसला नव्हता. मानेचा बुडखा पाठीला जिथे टेकतो तिथे वॉर्निशवर एक आडवी रेघ होती. जोडाची रेघ असणारच, असं समजून मी पुढे गेलो होतो. आता व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा तिथे लावून पाहिला. तो आत गेला.

काकू चहा ठेवायला आत गेल्या होत्या, त्यांनी हे पाहिलं नाही. मी त्यांना दोन दिवसांत कळवतो म्हणालो.

दुरुस्तीवाल्यांना फोन केला. ते खूश झाले. “उत्तम! कारण सांगत बसू नका. नुसतं ‘काम निघालंय’ म्हणा आणि निम्म्यावर आणा. सांधा मी बसवून देतो.” हिशोब चोख होता. मी वाक्यांची तालीमही केली: ‘काकू, वाद्य छान आहे, पण जरा काम निघालंय.’ तिसऱ्या वेळी ते स्वतःलाच ऐकवेना. हा काही माझ्या सज्जनपणाचा दाखला नव्हे. खरं कारण असं की दुरुस्तीवाल्यांनी सांधा उघडल्यावर आत काय निघेल याची मला भीती होती, आणि ते सांगू शकणारा माणूस एकच होता. त्याचा नंबर काकूंकडेच होता. नंबर कशाला हवा ते सांगितल्याशिवाय मागणार कसा?

सगळं सांगितलं. चाकं, कार्डाचा कोपरा, २.४ मिलिमीटर. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, रागावल्या.

“म्हणजे ते जड झालं होतं?” त्यांनी विचारलं. “मला वाटलं, माझीच बोटं गेली.”

कारागिराने दुसऱ्या रिंगला फोन उचलला. मागे रंध्याचा आवाज येत होता, तो थांबला. “अकरा?” म्हणाले. “थांबा, वही काढतो.” पानं उलटल्याचा आवाज आला आणि मग ते वाचून दाखवू लागले, एखाद्या डॉक्टरने जुना केसपेपर वाचावा तसं: तबलीची जाडी मध्ये ४.६, कडेला २.८. घोडीची उंची १७. बाराव्या फ्रेटवर तार १.६. मानेचा सांधा डव्हटेल, सरस लावून. डव्हटेल म्हणजे पाचरीसारखा एकात एक बसणारा जोड. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो जुना सरस. वाद्यं करणारे तो अजून वापरतात, कारण वाफ आणि उष्णता दिली की तो सुटतो आणि पुन्हा लावता येतो. “आत्ता घोडीची उंची किती भरते?” त्यांनी विचारलं. मी मोजली होती: १६. घोडी एक मिलिमीटर खाली आणूनही तारा वर गेल्या होत्या.

“गाडीत राहिलं होतं का कधी उन्हात?” बंद गाडी उन्हात इतकी तापू शकते की सरस मऊ पडतो आणि ताणाखाली सांधा सरकतो. मी हे काकूंना आधीच विचारलं होतं. त्यांनी ते कधी गाडीत सोडलं नव्हतं, प्रवासातही मांडीवर घेऊन बसायच्या.

“मग चूक माझी असणार,” ते म्हणाले. अगदी सहज, पत्ता सांगावा तसं. “पहिल्या डझनभर वाद्यांचे सांधे मी पटाशीने बसवायचो. तेव्हा एवढा हात बसला नव्हता. एखाद्या बाजूला लाकूड लाकडाला टेकलं नसेल आणि मध्ये नुसता सरस भरला असेल, तर दहा वर्षांनी तो दगा देतो. उघडल्यावर कळेल.”

मी खर्चाचं विचारलं. ते म्हणाले, पहिल्या मालकाला त्यांची आयुष्यभराची हमी आहे, पैसे घ्यायचा प्रश्नच नाही. पण वाद्य विकलं गेलं की हमी संपली. “त्यामुळे एक करा. विकत घ्यायच्या आधीच त्यांना माझ्याकडे पाठवायला सांगा. दुरुस्त होऊन आलं की मग काय तो व्यवहार करा.”

कागदावरच्या त्या नावाची काळजी मला तिथून पुढे उरली नाही. बारा वर्षांपूर्वीच्या घोडीची उंची ज्याच्या वहीत सापडते त्याचं नाव आणखी कुणी ऐकलंय की नाही, याने मला आता फरक पडत नव्हता. फोन ठेवताना मी इतका खूश होतो की या सल्ल्यात माझ्यासाठी काय वाढून ठेवलंय ते मला अजिबात दिसलं नाही. मैत्रिणीला तत्काळ दिसलं. ती हसली आणि म्हणाली, “गेलं तुझं मेंडोलिन.”

पाठवायची बांधाबांध मीच करून दिली. तारा दोन सूर उतरवल्या, पण पूर्ण सैल केल्या नाहीत, घोडी उभी राहायला हवी. घोडीच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या मऊ वळ्या, मानेखाली आधार, पेटीत वाद्य हलणार नाही इतकं कापड, आणि पेटी आणखी एका खोक्यात. वाहतुकीत वाद्य मोडतं ते बहुतेक वेळा डोक्याकडून, आणि तेही पेटीच्या आत आपटून. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

पाच आठवडे गेले. मधे कारागिराने एक फोटो पाठवला: सुटलेली मान, डव्हटेलच्या एका गालावर स्वच्छ लाकडाची खूण, दुसऱ्यावर सरसाचा जाड, पिवळट, भेगाळलेला थर. खाली एकच शब्द: ‘माझीच.’ त्यांनी त्या गालावर मेपलचा पातळ तुकडा बसवून सांधा नव्याने तासला. शिवाय पहिले पाच फ्रेट बदलून दिले, न सांगता.

वाद्य परत आल्याचा निरोप आला तेव्हा मी मैत्रिणीला न घेताच गेलो. काकूंनी दार उघडलं तेव्हा ते त्यांच्या हातातच होतं. पेटीत नव्हतं. तेव्हाच समजायला हवं होतं. आधी मी मोजमाप केलं, सवयीने. बारावा फ्रेट १.६. घोडी १७, चाकांखाली आटे दिसत होते. मी जीच्या जोडीवर एक आघात केला, तो सूर जसाच्या तसा होता. मग त्यांनी हात पुढे केला म्हणून मी ते त्यांना दिलं. त्या वाजवायला लागल्या. सुरुवातीला अडखळत, दोन वर्षांचा गंज होता बोटांवर. एक साधीच चाल होती, पण वरच्या पट्टीत जाताना त्यांची करंगळी सातव्या फ्रेटवर बसली ती न दुखता बसली, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी खुर्चीत बसून ऐकत होतो आणि माझ्या पोटात खड्डा पडत होता.

खोटं कशाला सांगू, मला राग आला. आरसा मी धरला, कार्ड मी घातलं, फोन मी केला. निम्म्या किमतीत गुपचूप घेऊन दुरुस्तीवाल्यांकडे टाकलं असतं तर आज ते माझ्या घरी असतं. हा विचार चांगला दोनेक मिनिटं टिकला.

“मी शब्द दिला होता तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणाल तसं.”

मी म्हणालो, राहू द्या. फार रुबाबात म्हणालो असं नाही. नव्या तारांच्या संचाचे पैसे देऊ केले त्यांनी, ते मी घेतले.

मधल्या काळात मी कारागिराकडे नवीन वाद्याची चौकशी करून ठेवली होती. रांग दीड वर्षाची. किंमत नामांकितांच्या मानाने बरीच कमी, तरी मला ती हप्त्यांनीच झेपेल. त्यांनी विचारलेला प्रश्न एकच: नटपाशी, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला तारा टेकतात तिथे, मानेची रुंदी २८ मिलिमीटर हवी की ३०? मी चार दिवस पट्टी घेऊन आपली बोटं मोजत बसलो होतो. मोठ्या बोटांना ३० बरं, पण मग डाव्या अंगठ्याला लांब पडतं. ठरत नव्हतं.

काल त्यांचा फोन आला. त्यांचं एकोणीस नंबरचं मेंडोलिन परत विक्रीला येतंय, मालक मँडोलावर (मेंडोलिनच्या थोरल्या भावावर) वळलाय, तुम्हाला बघायचंय का? हमी तुमच्या नावावर करून देतो म्हणाले, सांधा उघडायची गरज वाटत नाही पण तुमचं समाधान होईपर्यंत तपासा. रुंदी २९.

फोटो आले आहेत. पाठीचा मेपल सुंदर आहे, वाघाच्या पट्ट्यांसारखा. मी फोटो मोठा करून आधी घोडी पाहिली. चाकांखाली तीन आटे दिसतायत. बुडख्याचा फोटो मागवलाय.